आत्याच्या पर्सला पुन्हा आकार : माझ्या कामाच्या नोंदी

या नोंदी वहीत जशा लिहीत गेले तशाच ठेवल्या आहेत, नंतर घडलेलं थोडंफार मधेमधे जोडलंय. तुमच्याही घरी चामड्याची एखादी जुनी, बसलेली पर्स असेल तर काय करू नये हे तरी यातून नक्की कळेल.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवाळीची साफसफाई. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, गाद्यांच्या खोळींखाली आत्याची पर्स निघाली. लग्नाआधी ती आमच्याकडे राहून नोकरीला जायची, तेव्हाची. वरच्या वजनाने पार चपटी झाली आहे. तळ आत गेलाय, पुढच्या बाजूला आडवा मोड पडलाय आणि दोन्ही बाजूंच्या घडीच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्यात. वर लोखंडी फ्रेम, पितळी मुलामा उडालेला, दोन गोळ्यांचा खटका. खटका मात्र अजून टणटणीत लागतो. पांढरट बुरशी आणि कुबट वास आहेच. मागच्या बाजूला हाताएवढा काळपट डाग दिसतोय. आई म्हणाली, चामडं कडक व्हायला लागलं म्हणून तिने कधीतरी खोबरेल तेल चोळलं होतं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बाबांबरोबर आत्याकडे गेले तेव्हा पर्स घेऊन गेले. तिने ओळखली, मांडीवर घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “अगं, हिचा तळ कुठे गेला?” १९७१ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून घेतलेली, पहिल्या पगारातून. मी नीट करू का म्हटल्यावर म्हणाली, “कर. पण रंग नको लावूस. आणि हातात धरायचा बंद आहे तसा राहू दे.”

तिच्याकडून एक फोटो आणला. १९७८ चा, ठाणे स्टेशनच्या फलाटावरचा, हातात हीच पर्स. हा फोटो पुढे फार कामाला आला, म्हणून इथे मुद्दाम लिहिते : काम सुरू करण्याआधी त्या वस्तूचा जुना फोटो शोधा.

९ नोव्हेंबर

बुरशी. मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झटकली, घरात अजिबात नाही. नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन, पिळून, हलक्या हाताने पुसलं. पहिल्याच बोळ्यावर तपकिरी रंग आला. लगेच थांबले आणि पुढे फक्त बुरशीच्या ठिपक्यांवर टेकवत गेले. एक दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवली. वास निम्मा गेला.

रिबिटांभोवती हिरवा, मेणासारखा चिकट थर होता. चामड्यातलं तेल आणि पितळातलं तांबं मिळून तो तयार होतो. पितळ म्हटलं की हात चिंचेकडे जातो, पण आंबट काही चामड्याजवळ नेऊ नका. लाकडी टूथपिकने खरवडला तर सहज निघतो.

तेलाच्या डागावर मुलतानी माती कोरडीच पसरून दोन दिवस ठेवली, असं तीनदा केलं. डाग फिका झाला, गेला नाही. तेवढा भाग आजही बाकीच्यापेक्षा लुळा लागतो. तेलाने चामडं मऊ होतं हे खरं, पण आकार धरायचा तर तो मऊपणाच आड येतो. खोबरेल नकोच.

१० नोव्हेंबर

आज मोठी चूक झाली.

आधी चामडं कुठल्या जातीचं ते पाहिलं. आतल्या झाकपट्टीच्या उलट्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकला. तो लगेच आत मुरला आणि जागा गडद झाली. कापलेली कड आरपार तपकिरी आहे. म्हणजे झाडांच्या साली-हिरड्याने कमावलेलं चामडं. क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं तर कडेला निळसर-राखाडी छटा दिसली असती. हा फरक कळीचा आहे. सालींनी कमावलेलं चामडं ओलसर करून ज्या आकारात वाळवाल तो आकार धरतं. क्रोमचं चामडं वाळलं की बरंचसं पुन्हा मूळ जागेवर येतं, त्यामुळे तिथे सगळा भार आतल्या पुठ्ठ्यावरच टाकावा लागतो.

आणखी एक तपासणी : चामड्यावर बोट घासल्यावर लालसर भुकटी निघते का? निघत असेल तर पाणी लावूच नका, तसं चामडं ओलं झालं की काळं पडून कायमचं कडक होतं. माझं बोट स्वच्छ राहिलं.

हे सगळं जमल्याच्या भरात मागच्या डाव्या कोपऱ्यावर ओला बोळा फिरवला, कोपरा बोटांनी बाहेर काढला आणि लवकर वाळावा म्हणून हेअर ड्रायर धरला. चार-पाच मिनिटांत कोपरा आक्रसला. नखाएवढा भाग चुरमुऱ्यासारखा आखडला आणि हाताला खडबडीत, निर्जीव लागायला लागला. तो परत कधीच सुटणार नाही. नवं, सालींनी कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतं, पन्नास वर्षांचं त्याहूनही कमी तापमानाला. कोरडं असताना जी उष्णता चामडं सोसतं ती ओलं असताना सोसत नाही. ड्रायर नको, इस्त्री नको, किटलीची वाफ नको.

शिवाय बोळा जिथे संपला तिथे पाण्याची गडद रेघ उमटली आहे. अर्धाच भाग ओला केला की असं होतं.

१६ नोव्हेंबर

आठवडाभर हात लावला नाही. आज डोंबिवली स्टेशनबाहेर बसणाऱ्या चप्पलवाल्या काकांकडे घेऊन गेले. त्यांनी खटका उघडला, आत हात घालून तळ चाचपला. “ताई, चामडं चांगलंय. आतला पुठ्ठा मेलाय. तुम्ही वरून कितीही करा, आत काही नाही तर उभी कशी राहील?” कोपरा दाखवला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि नुसती मान हलवली.

पाण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, “पाणी पाजायचं, भिजवायचं नाही. आणि वाळताना आत फर्मा पाहिजे.” फर्मा म्हणजे आकार धरून ठेवणारा आतला साचा. त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

इतके दिवस मी चामड्याला आकार देत बसले होते. आकार पुठ्ठ्याचा असतो, चामडं त्यावर बसलेलं असतं.

१७ नोव्हेंबर

अस्तर उघडलं. फ्रेमला हात लावला नाही. चामडं आणि अस्तर फ्रेमच्या खाचेत दाबून बसवलेलं असतं. ती खाच उचकटली तर घरी पुन्हा तशी दाबता येत नाही. म्हणून अस्तराची तळाची शिवण उसवली, दहा इंच.

आत पुठ्ठ्याचा चुरा होता. खळीने चिकटवलेला राखाडी पुठ्ठा, आणि खळ सगळी कसरीने खाल्लेली. चमच्याने वाटीभर भुगा काढला. तळाचा तुकडा मात्र जवळपास अखंड मिळाला, २७ बाय ९ सेंटिमीटर. माप मिळालं! तो पेन्सिलीने कागदावर उतरवून ठेवला.

अस्तराच्या कोपऱ्यात केसाची एक गंजलेली पिन सापडली आणि पुढच्या बाजूला जो निळसर-काळा ओरखड्यासारखा डाग आहे त्याचा उलगडा झाला. सालींनी कमावलेल्या चामड्याला ओल्या लोखंडाचा स्पर्श झाला की ते काळं पडतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करायचे, तेच इथे चामड्यात घडलं. हा डाग काढायला जी आम्लं लागतात ती चामडं खातात, म्हणून सोडून दिला. यातून जो धडा घ्यायला हवा होता तो मात्र घेतला नाही. पुढे येतंच आहे.

२३ नोव्हेंबर

सायनला उतरून धारावी. चामड्याच्या सामानाच्या दुकानांत पुठ्ठा मागितला तर पहिल्या दुकानात विचारलं, “सलपा की साधा?” सलपा म्हणजे चामड्याचा भुगा दाबून केलेला बोर्ड. वाकवला तर मोडत नाही, कापलेली कड सुटत नाही आणि रापीने (चामडं कापायच्या सुरीने) लोण्यासारखा कापला जातो. सव्वा मिलिमीटर जाडीचा घेतला, २२० रुपये. मेणाचा दोरा आणि बोथट टोकाच्या दोन सुया १४० रुपये. दुकानदाराने चिकटवायला रबर सोल्यूशनही दाखवलं. मी घेतलं नाही. एकदा चिकटवलं की पुढच्या माणसाला चामडं फाडूनच पुठ्ठा काढावा लागतो.

येताना झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा (४५० रुपये) आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र (३२० रुपये) घेतलं.

२४ आणि २५ नोव्हेंबर

पहिला प्रयत्न. पुसून ओलं करायचं नाही हे रेघेने शिकवलं होतं, म्हणून दमट हवा. डब्याच्या तळाशी पिळलेला ओला टॉवेल, त्यावर पालथ्या वाट्या, वाट्यांवर जाळी, जाळीवर पर्स. पाणी कुठेही पर्सला टेकत नाही. झाकण लावलं. तीन तासांत आतली आर्द्रता ८८ टक्के. दर चार तासांनी उघडून हात लावून पाहिला. अठराव्या तासाला चामडं बोटाखाली नमायला लागलं, थंडगार, कानाच्या पाळीसारखं. चोवीस तासांपुढे जाऊ नका, बुरशी पुन्हा धरेल.

आत भरायला तीन किलो तांदूळ, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या सहा कापडी पिशव्यांत. तांदूळ ओलही शोषेल असा हिशेब.

२६ नोव्हेंबर

फसलं, तेही दोन प्रकारे.

तांदूळ पोटाशी जमतो आणि कोपऱ्यांत जात नाही. पर्स मडक्यासारखी गोल झाली. तळाची धारदार कड, जी फोटोत स्वच्छ दिसते, ती आलीच नाही.

दुसरं फार लागलं. फ्रेमच्या खाचेलगत, पूर्ण लांबीभर, दोन मिलिमीटरची काळी रेघ. लोखंडी फ्रेम, मुलामा उडालेला, अठरा तास दमट हवेत आणि त्याला लागून चामडं. नऊ दिवसांपूर्वी केसाच्या पिनेबद्दल मी स्वतःच वहीत लिहिलं होतं. रात्री बराच वेळ पर्स समोर ठेवून बसून राहिले. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “असू दे गं, काजळाची रेघ.” मला मात्र ती रेघ अजून दिसते.

तांदळाला कुबट वास लागला, टाकून द्यावा लागला. १८० रुपये.

१ डिसेंबर

फर्मा. सगळ्यात जास्त वेळ यात गेला आणि तो सत्कारणी लागला.

पन्नास वर्षांत पर्सचा एकच भाग बदललेला नाही, तो म्हणजे फ्रेम. ती २६ सेंटिमीटर आहे. फोटोवर पट्टी ठेवून फ्रेम मोजली आणि त्या प्रमाणात बाकीची मापं काढली. उंची २१ सेंटिमीटर, वरून खाली येताना बाजू किंचित बाहेर, तळाला २७. तळाचा मिळालेला पुठ्ठाही २७ चाच. दोन्ही मापं जुळली तेव्हा फार बरं वाटलं.

अखंड फर्मा फ्रेमच्या तोंडातून आत जाणार नाही. म्हणून तीन भाग केले : डावा, उजवा आणि मध्ये वरून खाली निमुळती होत जाणारी पाचर. थर्माकोलचे थर चिकटवून, कापून, पॉलिश पेपरने घासले. आधी दोन बाजू आत सरकवायच्या, मग पाचर हळूहळू खाली दाबायची, म्हणजे बाजू आपोआप कोपऱ्यांकडे सरकतात. थर्माकोल ओल शोषत नाही, म्हणून प्रत्येक भागावर आईच्या जुन्या सुती साडीचे दोन पदर गुंडाळले. त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत हेच चाललं होतं.

७ डिसेंबर

दुसरा प्रयत्न. फ्रेमचा गंज बारीक स्टील वूलने काढला, चामड्यावर चिकटपट्टी लावून. मग मधमाशीचं मेण फ्रेमला आणि खाचेच्या कडेला चोळलं. डब्याचं झाकण काढून प्लास्टिकचा कागद ताणून बांधला, त्याला चीर दिली आणि पर्स अशी लटकवली की फ्रेम आणि पर्सचा बंद हे कागदाच्या वर, बाहेरच्या हवेत, बाकी अंग आत. बंदातून लाकडी पट्टी घालून डब्याच्या कडांवर टेकवली. फट जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी बुजवली. आर्द्रता ८३ टक्क्यांच्या वर गेली नाही, त्यामुळे बावीस तास लागले. काळी रेघ वाढली नाही.

८ डिसेंबर

फर्मा घातला. पाचर अर्धी गेली तेव्हाच थांबायला हवं होतं. कोपरा येत नाही म्हणून तळहाताने जोर दिला आणि उजव्या बाजूच्या पट्टीची शिवण पाच सेंटिमीटर उसवली. चामडं फाटलं नाही, जुना दोराच तुटला. पाचर वर ओढली, तशीच ठेवली.

९ ते १४ डिसेंबर

रोज रात्री पाचर थोडी खाली. मोजून सांगायचं तर दिवसाला तीन-चार मिलिमीटर. पंख्याखाली नाही, उन्हात नाही. पुढच्या बाजूचा आडवा मोड ओलसर असतानाच मलमल टाकून लाटण्याने, मधून बाहेरच्या दिशेला, हलका दाबत नेला. तिसऱ्या दिवशी मोडाची धार गेली, खूण राहिली. तळाची कड उठावदार व्हावी म्हणून पहिल्या रात्री कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. त्यांचे दात उमटले. नशिबाने तळाच्या बाजूला आहेत. नंतर चिमट्याखाली चामड्याचे तुकडे ठेवले.

शनिवारी सकाळी पाचर काढली, फर्मा काढला. पर्स टेबलावर रिकामी ठेवली. ती उभी राहिली. आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

दुपारपर्यंत ती थोडी खाली बसली, जवळपास अर्धा सेंटिमीटर. चामड्याने आकार धरलाय, पण पेलायला पुठ्ठा हवाच, काका म्हणाले तसा.

२१ डिसेंबर

उसवलेली शिवण. काकांनी एक टाका घालून दाखवला. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. “नवीन भोक पाडायचं नाही ताई. जुन्या भोकांतूनच जायचं. नाहीतर टपाल तिकिटासारखं फाटतं.” पाच सेंटिमीटरला मला सव्वा तास लागला. त्यांना दीडशे रुपये दिले, या वेळी आग्रह करून.

२२ डिसेंबर

सलप्याचे पाच तुकडे कापले : तळ, पुढची बाजू, मागची बाजू आणि दोन्ही पट्ट्यांसाठी अर्ध्या उंचीचे. पट्ट्यांना पूर्ण उंचीचा बोर्ड घातला तर पर्स मिटणारच नाही. सगळे कोपरे गोल केले, नाहीतर आतून चामड्याला टोचतात. प्रत्येकाला मांजरपाटाची खोळ शिवली आणि अस्तर व चामडं यांच्यामध्ये सरकवलं. कुठेही गोंद नाही. तळाची खोळ बाजूच्या खोळींना चार टाक्यांनी अडकवली, म्हणजे सरकत नाही. अस्तराची शिवण मोठ्या टाक्यांनी घातली, पुन्हा उघडायला सोपी.

११ जानेवारी २०२५

क्रीम. आकार पूर्ण बसल्यावरच. आधी लावलं तर चामडं ओल नीट घेत नाही आणि लुळंही पडतं. मधमाशीच्या मेणाचं, रंग नसलेलं, वाटाण्याएवढं पूर्ण पर्सला. एक दिवस थांबून कोरड्या फडक्याने घासली. आखडलेल्या कोपऱ्यावरही लावलं, तो तसाच आहे.

आत्याने सांगितल्याप्रमाणे बंदाला क्रीमखेरीज काही केलं नाही. बंदाच्या मधोमध चामडं चपटं आणि गुळगुळीत झालंय, चार बोटांच्या रुंदीएवढं. मी धरलं तर माझी बोटं त्यात नीट बसत नाहीत. तिची बसतात.

खर्च : डबा ४५०, आर्द्रतामापक ३२०, अल्कोहोल १६०, सलपा २२०, दोरा-सुया १४०, मांजरपाट ९०, थर्माकोल १२०, क्रीम ४२०, काका १५०, वाया गेलेला तांदूळ १८०. एकूण २,२५० रुपये, लोकलचं तिकीट सोडून. हाताचं काम अंदाजे ४५ तास, त्यातले दहा-बारा तर चुका निस्तरण्यात गेले. मुलतानी माती आणि मेण घरचंच.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेऊन आत्याकडे गेले, पर्सही नेली. तिने टेबलावर ठेवली, खटका उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग आपला चष्मा, रुमाल आणि पेन्शनचं पासबुक आत ठेवलं. रोज वापरू नकोस, फार वजन घालू नकोस, असं सांगितलं. “बरं,” म्हणाली.

२० जुलै २०२५

पावसाळ्यातली तपासणी. आत्या रोज वापरते आहे, देवळात जाताना. तिच्या खोलीतली आर्द्रता आज ८१ टक्के. तळ मधोमध तीन मिलिमीटर खाली आलाय, पट्ट्या ठीक. अस्तराचे टाके काढून खोळी बाहेर घेतल्या. तळाचा सलपा किंचित सर्दला होता, बाकीचे कोरडे. कसर नाही. तळाचा तुकडा फ्रिजच्या वर, वजनाखाली दोन दिवस वाळत ठेवलाय. त्याच्याखाली आणखी एक पातळ थर घालून मंगळवारी परत बसवणार. काळी रेघ आहे तेवढीच आहे.